हिमा

हिमा : अरबस्तानातील कुरणे, झाडी व पाणवठे राखण्याची प्राचीन सामुदायिक पद्धती, तसेच या पद्धतीनुसार राखलेले क्षेत्र. ‘रक्षण करणे, मज्जाव करणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून हा शब्द बनला असून ‘राखलेली जागा’ असा त्याचा अर्थ होतो. मराठीतील ‘राखीव कुरण’ हा शब्द त्याला जवळचा आहे. तथापि हिमामध्ये केवळ गवताचेच नव्हे, तर वृक्ष, मधमाश्यांना उपयुक्त फुलझाडे व क्वचित वन्य प्राणी यांचेही रक्षण अभिप्रेत असते. इस्लामपूर्व टोळ्यांची रूढी, इस्लामने तिला दिलेले नैतिक व कायदेशीर अधिष्ठान आणि स्थानिक जमातींनी पिढ्यान्‌पिढ्या चालविलेली राखण या तीन घटकांतून हिमापद्धती घडली. सुमारे चौदाशे वर्षे टिकून राहिलेली ही पद्धती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर झपाट्याने मोडली व त्याच शतकाच्या अखेरीपासून तिच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न सुरू झाले. धर्मश्रद्धा, रूढी व कायदा यांचा निसर्गरक्षणाशी असलेला संबंध समजण्याच्या दृष्टीने तिचा इतिहास महत्त्वाचा आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : अरबी द्वीपकल्पाच्या बहुतेक भागात वार्षिक पर्जन्यमान १०० मिमी.पेक्षा कमी असून तोही पाऊस अनियमित व विखुरलेला असतो. एका खोऱ्यात पाऊस पडला, तरी शेजारचे खोरे कोरडे राहू शकते. नैर्ऋत्येकडील सरवात पर्वतराजीच्या उंच भागात मात्र पाऊस तुलनेने अधिक असल्याने तेथे जूनिपर वृक्षांची वने व डोंगरउतारावरील पायऱ्यापायऱ्यांची शेती आढळते. अशा प्रदेशात बी धरण्यापूर्वीच गवत चरून टाकले, तर पुढील पावसाळ्यात त्या जागी ते पुन्हा उगवत नाही. बहुवर्षायू गवते नाहीशी होऊन जनावरे तोंड लावीत नाहीत अशी काटेरी वा विषारी झुडपे वाढतात. याउलट काही जमीन काही काळ बंद ठेवली, तर दुष्काळात तीच कळपांचा आधार ठरते. भटक्या पशुपालकांच्या दृष्टीने चराईबंदी ही जगण्याची गरज होती. प्रश्न होता तो बंदी कोणी घालावी व तिचा लाभ कोणाला मिळावा हा.

इस्लामपूर्व काळ : इस्लामपूर्व अरबस्तानात हिमा हा प्रामुख्याने बलवान टोळीप्रमुखाचा विशेषाधिकार होता. एखाद्या कुरणात वा उंचवट्यावर प्रमुख आपला कुत्रा भुंकत ठेवी आणि त्याचा आवाज जेथवर पोहोचेल, तेथवरचे गवत व पाणी स्वतःच्या कळपासाठी राखून ठेवी, असे परंपरा सांगते. बाहेरच्या कुरणात मात्र त्याची जनावरे इतरांच्या जनावरांबरोबर चरत. तघलिब टोळीचा प्रमुख कुलैब याचे नाव या संदर्भात विशेष प्रसिद्ध आहे. त्याच्या हिमात शिरलेल्या एका परक्या सांडणीला त्याने बाण मारला. त्या सांडणीचा मालक बसूस नावाच्या स्त्रीचा आश्रित होता. बसूसचा भाचा व कुलैबचा मेहुणा जस्सास याने या अपमानाबद्दल कुलैबला ठार मारले. त्यातून बक्र व तघलिब या दोन टोळ्यांत जे युद्ध पेटले, ते ‘बसूसचे युद्ध’ म्हणून ओळखले जाते व ते चाळीस वर्षे चालले, असे अरबी परंपरा मानते. कथेचा तपशील कसाही असला, तरी मूठभरांसाठी राखलेले कुरण हे कलहाचे मूळ होऊ शकते, याची जाणीव तीत स्पष्ट दिसते.

याच काळात दुसऱ्या प्रकारची राखीव क्षेत्रेही होती. देवस्थानांभोवतालची जमीन पवित्र मानून तेथे शिकार व वृक्षतोड वर्ज्य मानली जाई. मक्केच्या काबाभोवतालचे क्षेत्र तसेच ताइफजवळील वज्ज हे खोरे ही याची उदाहरणे होत. वज्जच्या पावित्र्याचा संबंध अल्‌-लात या देवतेशी होता. अशा क्षेत्रांचे कोकण व सह्याद्रीतील देवरायांशी असलेले साम्य लक्षणीय आहे [⟶ देवराई].

इस्लामने घडविलेला बदल : मुहंमद पैगंबरांनी (सु. ५७०–६३२) हिमाची रूढी नष्ट केली नाही, तिचा हेतू बदलला. हिमा राखण्याचा अधिकार अल्ला व त्याचा प्रेषित यांखेरीज कोणालाही नाही, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. टोळीप्रमुखाचा खाजगी विशेषाधिकार तिने रद्द ठरविला. दुसऱ्या एका हदीसनुसार पाणी, गवत व अग्नी (म्हणजेच जळण) यांत सर्व लोक समान वाटेकरी आहेत. गवत सर्वांचे असल्यामुळे ते राखून ठेवायचे, तर तेही सर्वांच्याच हितासाठी, असा या दोन वचनांचा एकत्रित अर्थ होतो. स्वतः पैगंबरांनी मदीनेजवळील अन्‌-नकी हे खोरे मुस्लिम सैन्याच्या घोड्यांसाठी हिमा म्हणून राखले.

पवित्र क्षेत्रांनाही नवा अर्थ देण्यात आला. मक्केच्या ‘हरम’ क्षेत्रातील शिकार व नैसर्गिकपणे उगवलेल्या वनस्पतींची तोड यांवरील बंदी कायम ठेवण्यात आली. रोशा गवताच्या प्रजातीतील इज्खिर या सुगंधी गवताचा मात्र अपवाद करण्यात आला. कारण सोनारांची भट्टी, घरांची छपरे व दफनविधी यांसाठी लोकांना त्याची गरज असल्याचे पैगंबरांचे चुलते अब्बास यांनी निदर्शनास आणून दिले. मदीनेभोवतालच्या दोन लाव्हाप्रदेशांमधील भूमीही हरम म्हणून घोषित झाली. ताइफच्या सकीफ टोळीशी झालेल्या करारात वज्ज खोऱ्यातील झाडे व शिकार यांचे संरक्षण मान्य करण्यात आले. देवतेची उपासना संपली. पण तिच्या नावाने चालत आलेली राखण टिकून राहिली.

दुसरे खलीफा उमर (कार. ६३४–६४४) यांनी मदीनेच्या पूर्वेस सुमारे २०० किमी.वरील अर्‌-रबधा हे क्षेत्र हिमा म्हणून राखले. राखणीसाठी नेमलेल्या हुनय नावाच्या आपल्या सेवकाला त्यांनी केलेला उपदेश हदीससंग्रहांत नमूद असून हिमाच्या इतिहासात तो मूलभूत मानला जातो. थोडे उंट व थोडी मेंढरे असलेल्यांना कुरणात येऊ द्यावे. परंतु अब्दुर्रहमान इब्न औफ व उस्मान इब्न अफ्फान या श्रीमंत सहकाऱ्यांचे कळप येऊ देऊ नयेत, असे त्यांनी बजावले. श्रीमंतांची जनावरे मेली, तरी त्यांना खजुराच्या बागा व शेतीचा आधार आहे. गरिबांची मेली, तर ते मुलाबाळांसह खलीफाच्या दारी येतील आणि त्यांना सोने-चांदी देण्यापेक्षा पाणी व गवत देणे सोपे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्या पूर्वजांनी लढून राखलेली जमीन आता बंद का, अशी तक्रार तेथील लोक करतील, याचीही त्यांना जाणीव होती. जिहादसाठी लागणाऱ्या जनावरांची गरज नसती, तर लोकांच्या जमिनीची वीतभर जागाही आपण राखली नसती, असे त्यांनी म्हटल्याचे सांगतात. पुढे उस्मान (कार. ६४४–६५६) यांच्या विरुद्ध ज्या तक्रारी झाल्या, त्यांत हिमांच्या विस्ताराचाही समावेश होता. म्हणजेच सार्वजनिक हित व स्थानिकांचा हक्क यांतील तणाव या पद्धतीच्या प्रारंभापासूनच तिच्यात होता.

आध्यात्मिक अधिष्ठान : हिमामागे कुराणातील सृष्टिविषयक विचार आहे. सृष्टी अल्लाची असून मानव हा तिचा मालक नव्हे, तर पृथ्वीवरील ‘खलीफा’ म्हणजे प्रतिनिधी होय. सृष्टी त्याच्याकडे ‘अमानत’ म्हणजे ठेव म्हणून सोपविलेली आहे व ठेवीचा हिशेब त्याला द्यावा लागणार आहे. विश्वाची रचना ‘मीझान’ म्हणजे समतोलावर झाली असून तो बिघडवू नये, अशी आज्ञा कुराणाच्या पंचावन्नाव्या अध्यायात (अर्‌-रहमान) आहे. ‘इस्राफ’ (उधळपट्टी) व ‘फसाद’ (पृथ्वीवरील बिघाड) या गोष्टी निषिद्ध मानल्या आहेत. पशू व पक्षी हे मानवांसारखेच समुदाय आहेत आणि सात आकाशे, पृथ्वी व त्यांतील सर्व काही अल्लाचे स्तवन करीत असते; मात्र मानवाला ते समजत नाही, असेही कुराणात म्हटले आहे [⟶ कुराण]. झाड तोडणारा किंवा कुरण उजाड करणारा माणूस या दृष्टीने एका उपासकाचा आवाज बंद करतो, असा अर्थ सूफी परंपरेने त्यातून काढला.

हदीसवाङ्‌मयात हा विचार दैनंदिन आचाराच्या पातळीवर उतरतो. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पशूने वा पक्ष्याने खाल्ले, तरी ते लावणाऱ्याचे दान ठरते. जगाचा अंत जवळ आला असतानाही हाती रोप असेल, तर ते लावावे. वाहत्या नदीच्या काठी बसूनही नमाजापूर्वीच्या प्रक्षालनात पाणी वाया घालवू नये. तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्यास क्षमा मिळते, तर मांजरास कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरते. बोरीच्या प्रजातीतील सिद्र हा वृक्ष तोडणाऱ्याची निर्भर्त्सना करणारी एक हदीस असून वाटसरूंना व जनावरांना सावली देणारे रानातील झाड अकारण तोडणाऱ्याला ती लागू पडते, असा तिचा अर्थ लावला जातो.

पुढील काळात या विचाराचा विस्तार झाला. दहाव्या शतकात बसरा येथील ‘इख्वान अस्‌-सफा’ (शुद्धतेचे बंधू) या विचारवंतमंडळाने लिहिलेल्या एका रूपकात्मक पत्रात प्राणी मानवाविरुद्ध न्यायालयात दाद मागतात व त्याच्या श्रेष्ठत्वाचा दावा तपासला जातो. तेराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ इझ्झुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृ. १२६२) यांनी पशूंचे मालकावरील हक्क नमूद केले, म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी ठरलेल्या जनावराचेही पोषण केले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. इब्न अल्‌-अरबी (११६५–१२४०) यांच्यासारख्या सूफी तत्त्वज्ञांनी सृष्टीतील प्रत्येक वस्तू ही ईश्वरी नामांचे प्रकटीकरण होय, असे प्रतिपादिले. भारतात राजस्थानातील नागौर येथील चिश्ती संत सूफी हमीदुद्दीन (मृ. १२७४) हे अल्पशा जमिनीवर स्वतः शेती करून राहत व मांसाहार वर्ज्य करीत.

शास्त्रीय विवेचन : हिमाविषयी इस्लामी धर्मशास्त्रज्ञांत मतभेद होते. हिमा राखण्याचा अधिकार पैगंबरांपुरताच होता की त्यांच्यानंतरच्या शासकांनाही तो आहे, याविषयी इमाम शाफई (७६७–८२०) यांच्या नावे दोन मते सांगितली जातात. अल्‌-मावर्दी (मृ. १०५८) यांनी अल्‌-अहकाम अस्‌-सुल्तानिया या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात हिमाचे विवेचन केले आहे. कालांतराने पुढील अटी सर्वसाधारणपणे मान्य झाल्या : (१) हिमा वैध सत्तेने स्थापिलेला असावा, (२) त्याचा हेतू सार्वजनिक हिताचा असावा, (३) त्यामुळे स्थानिक लोकांच्या उपजीविकेवर अवाजवी संकट येऊ नये, (४) त्यापासून होणारा लाभ हानीपेक्षा अधिक असावा.

हिमाला पूरक अशा इतर संकल्पनाही शरीयात आहेत. विहीर, झरा वा कालवा यांभोवती मोकळी ठेवावयाची जागा म्हणजे ‘हरीम’ होय. या जागेत बांधकाम वा नवी विहीर खणणे निषिद्ध असून गुरांना पाणी पाजण्याच्या विहिरीभोवती चाळीस हातांचे हरीम सांगितले आहे. ‘तहानेचा हक्क’ हा सर्व हक्कांत अग्रगण्य मानला जातो. माणसाची व जनावराची तहान भागल्यावर मगच शेतीच्या पाण्याचा विचार केला जातो. पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्यास तिच्यावर हक्क मिळे. मात्र हिमा, हरीम व गावाची कुरणे यांना हा नियम लागू नसे. ‘वक्फ’ या संस्थेद्वारे विहिरी, बागा व पाणपोया लोकोपयोगासाठी कायम दान करण्यात येत. मदीनेतील रूमा ही विहीर उस्मान यांनी विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

प्रकार व व्यवस्था : खलीफांच्या मोठ्या हिमांचे महत्त्व कालांतराने कमी झाले, परंतु जमातींचे व गावांचे लहान हिमा, विशेषतः सरवात पर्वतराजी व ताइफच्या परिसरात, विसाव्या शतकापर्यंत चालू राहिले. त्यांना खलीफाची सनद नव्हती; शरीयाने सार्वजनिक हिताच्या मर्यादेत मान्य केलेल्या ‘उर्फ’ म्हणजे स्थानिक रूढीचा आधार होता. ईजिप्तचे कुरणतज्ञ उमर द्रझ यांनी १९६० नंतरच्या दशकात या हिमांची पाहणी केली. तीवरून त्यांचे पुढील पाच प्रकार दिसून येतात : (१) चराई कायम बंद, दुष्काळात ठरावीक लोकांना हाताने गवत कापून नेण्याची मुभा, (२) चराई व कापणी यांना ठरावीक हंगामात परवानगी, (३) वर्षभर चराई, मात्र जनावरांची संख्या व प्रकार यांवर मर्यादा, (४) मधमाश्यांसाठी राखीव, फुलोऱ्याच्या काळात चराई बंद, (५) जूनिपर, बाभूळवर्गीय वृक्ष इत्यादींच्या रक्षणासाठी राखीव, तोडीला केवळ विशेष अडचणीत, उदा., आग वा पुराने घर पडल्यास, परवानगी.

हिमाचा कारभार जमातीचा शेख व अनुभवी वडीलधारे पाहत. कुरण केव्हा उघडावयाचे, हे गवताने बी टाकले की नाही हे पाहून ठरविले जाई. गवत कापण्याच्या दिवशी प्रत्येक कुटुंबातून किती माणसांनी यावे, हेही ठरलेले असे. त्यामुळे मोठ्या कळपाच्या मालकाला अधिक वाटा घेता येत नसे. राखणदार जमातीतूनच निवडला जाई. नियमभंग करणाऱ्यास दंड म्हणून जनावर द्यावे लागे. त्याहूनही सगळ्यांसमोर होणारी मानहानी अधिक झोंबणारी असे. बंदीचा त्रास ज्यांना सोसावा लागे, त्यांनाच तिचा लाभ मिळत असल्यामुळे व शेजाऱ्याची नजर चुकली, तरी अल्लाची चुकत नाही या श्रद्धेमुळे थोड्या राखणदारांवर मोठे क्षेत्र राखता येई.

समांतर परंपरा : हिमासारख्या पद्धती इस्लामी जगाच्या इतर भागांतही आढळतात. येमेनमध्ये राखीव कुरणाला ‘महजर’ म्हणतात. ओमानमधील ‘फलज’ या कालव्यांच्या पद्धतीत पाण्याची वाटणी वेळेच्या पाळ्यांनी होते. या पद्धतीची मुळे इस्लामपूर्व असून पिण्याच्या पाण्याचा अग्रहक्क तीत पाळला जातो. तेथील सुमारे तीन हजार फलज वापरात असून त्यांपैकी पाच पद्धतींचा २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

मोरोक्कोतील उच्च ॲटलास पर्वतातील बर्बर (अमाझिग) जमातींची ‘अग्दाल’ ही पद्धती हिमाला विशेष जवळची आहे. उकाईमेदन येथील उंचावरील कुरण परंपरेने १५ मार्च ते १० ऑगस्टपर्यंत बंद असते. या काळात गवत फुलून बी टाकते. त्यानंतर घिघाया व उरिका या जमातींचे कळप ठरलेल्या दिवशी एकाच वेळी वर चढतात. हे कुरण सीदी फार्स या संताच्या संरक्षणाखाली आहे, अशी श्रद्धा असून मुदतीपूर्वी कुरणात शिरणाऱ्यावर आपत्ती येते, असे मानले जाते. जमातीची जुनी रूढी व इस्लामी संतपरंपरा यांचा मिलाफ येथे स्पष्ट दिसतो.

महाराष्ट्रातील देवरायांशी तुलना केल्यास एक भेद लक्षात येतो. देवराईतील बंदी देवतेच्या भीतीवर आधारलेली व बहुधा संपूर्ण असते. हिमातील बंदी मात्र वापराला हंगामाची व प्रमाणाची मर्यादा घालते. तथापि स्थानिक समाजाचा आपलेपणा संपला, की दोन्हींची राखण संपते, हे त्यांतील साम्य आहे.

ऱ्हास : सौदी अरेबियात १९५३ च्या राजाज्ञेने कुरणांवरील जमातींचे निर्बंध उठविण्यात आले व ती सर्वांना खुली झाली. भटक्या लोकांना दुष्काळात कोठेही चारा मिळावा आणि जमातींतील कलह संपावेत, हा यामागील हेतू सर्वांच्या समान वाट्याच्या जुन्या तत्त्वाशी सुसंगतच होता. परिणाम मात्र उलट झाला. जमिनीवरील जमातीचा अधिकार गेला, तशी तिची जबाबदारीही गेली. आज आपण राखलेले गवत उद्या दुसराच कोणी चारील, अशी स्थिती झाल्याने राखण्यात कोणालाच स्वारस्य उरले नाही. याच सुमारास मालमोटारी व पाण्याच्या टाक्या आल्याने पावसाची वार्ता कळताच मोठमोठे कळप शेकडो किमी.वर नेणे शक्य झाले. खोल विहिरी व अनुदानित जव (सातू) यांमुळे कुरणांच्या शक्तीपेक्षा कितीतरी अधिक जनावरे पाळता येऊ लागली. तेलोद्योगामुळे तरुण शहरांकडे वळले व कळप पगारी गुराख्यांच्या हाती गेले. १९६० च्या दशकात सौदी अरेबियात सुमारे तीन हजार हिमा असावेत, असा अंदाज होता. १९८४ मधील पाहणीत कमीअधिक प्रमाणात राखलेल्या केवळ ७१ हिमांची नोंद झाली.

सिरियातही असेच घडले. तेथे जमातींचे कायदेशीर अधिकार १९५८ मध्ये रद्द करण्यात आले आणि गवताळ प्रदेश सर्वांना खुला झाला. त्यापाठोपाठ १९५८ ते १९६१ या काळात पडलेल्या तीव्र दुष्काळात मेंढ्यांची मोठी हानी झाली.

पुनरुज्जीवन : पहिला उल्लेखनीय प्रयत्न सिरियातच झाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस द्रझ यांच्या मार्गदर्शनाखाली बेदूइन पशुपालकांच्या सहकारी संस्था स्थापून त्यांच्याकडे ठरावीक कुरणे सोपविण्यात आली. सहकाराची कल्पना लोकांना परकी होती. परंतु ती हिमा या परिचित नावाने मांडल्यामुळे स्वीकारली गेली.

सौदी अरेबियाच्या पर्यावरणविषयक शासकीय यंत्रणेने आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या सहकार्याने १९८३ मध्ये निसर्गरक्षणाच्या इस्लामी तत्त्वांवरील एक निबंध प्रसिद्ध केला. त्याची सुधारित आवृत्ती १९९४ मध्ये निघाली. १९८६ मध्ये वन्य जीव संरक्षणासाठी राष्ट्रीय आयोगाची स्थापना झाली. ताइफच्या ईशान्येस महाझत अस्‌-सैद येथे २,००० चौ. किमी.हून मोठ्या क्षेत्राला कुंपण घालण्यात आले. निसर्गात १९७२ मध्ये नामशेष झालेले अरबी ओरिक्स हे हरिणासारखे प्राणी १९९० मध्ये तेथे सोडण्यात आले. चराई थांबताच तेथील वनस्पतींनी पुन्हा मूळ धरले. तथापि हे रक्षण कुंपण व पहारा यांवर अवलंबून आहे. जुन्या हिमातील सामुदायिक व्यवस्था तीत नाही.

लेबाननमध्ये निसर्ग संरक्षण संस्थेने २००४ पासून वेगळा मार्ग अवलंबिला. दक्षिणेकडील इबल अस्‌-सकी व बिका खोऱ्यातील कफर झबद या गावांत ग्रामसंस्थांच्या निर्णयाने हिमा घोषित करण्यात आले. पक्ष्यांचे अधिवास व पाणथळ जागा यांचे रक्षण हा त्यांचा हेतू होता. इबल अस्‌-सकी येथील लोक मुख्यतः ख्रिस्ती व द्रूझ आहेत. हिमाची कल्पना धर्माच्या सीमा ओलांडून एक प्रादेशिक वारसा म्हणून स्वीकारली जाऊ शकते, हे यावरून दिसते. पुढे इतर अनेक गावांनी हा मार्ग अनुसरला. जॉर्डनमध्येही झर्का नदीच्या खोऱ्यात पशुपालकांच्या सहभागाने काही कुरणे हिमा म्हणून राखण्यात आली. २०१५ मध्ये इस्तंबूल येथे प्रसिद्ध झालेले हवामानबदलविषयक इस्लामी घोषणापत्र व २०२४ मध्ये नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेच्या वेळी सादर झालेला ‘अल्‌-मीझान’ हा पृथ्वीविषयक करारलेख यांतून या विचाराला जागतिक व्यासपीठ मिळाले.

मूल्यमापन : हिमा ही निर्दोष पद्धती होती, असे म्हणता येणार नाही. हिमांच्या सीमांवरून तंटे होत. बाहेरच्या भटक्यांना, प्रसंगी अधिक गरजूंनाही, मज्जाव केला जाई. निर्णय बहुधा पुरुष वडीलधाऱ्यांच्या हाती असत. धर्मवचनांचे केवळ अस्तित्वही पुरेसे नव्हते : ज्या काळात हिमा उजाड झाले, त्या काळात तीच वचने मशिदींतून वाचली जात होती. दुसऱ्या बाजूने केवळ रूढीही पुरेशी नव्हती. कुलैबचा हिमा हा रूढीचाच होता आणि त्यातून युद्ध उद्‌भवले. इस्लामी नीतीने त्या रूढीला सार्वजनिक हिताची व दुर्बलांना अग्रक्रमाची अट घातली, तर रूढीने त्या नीतीला स्थळ, हंगाम व राखणदार दिला. या दोहोंची फारकत होताच हिमा मोडला. नव्या हिमांपैकी जेथे बंदी पाळणारे व बंदीचा लाभ घेणारे लोक एकच आहेत, तेथे राखण रुजण्यास अनुकूल स्थिती आहे. जेथे ते भिन्न आहेत, तेथे नाव जुने असले, तरी काम कुंपणालाच करावे लागते. थोड्या कळपाच्या मालकाला आत येऊ द्यावे, या उमर यांच्या आदेशातील कसोटी या दृष्टीने आजही लागू पडते.